मॅट वार्निशनंतर मिनिएचर पांढरी पडतात तेव्हा

मिनिएचरचे, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांतल्या इवल्या सैनिकांच्या आकृतीचे, रंगकाम संपलेले असते, खाचांत सावली उतरलेली असते, कडा उजळलेल्या असतात, भिंगाखाली धरून काढलेली बुबुळेही जागेवर बसलेली असतात. मग केवळ संरक्षणासाठी म्हणून मॅट, म्हणजे चकाकी न ठेवणाऱ्या, वार्निशचा डब्यातून एक फवारा मारावा आणि अर्ध्या तासाने येऊन पाहावे, तर काळा झगा राखाडी झालेला असतो आणि तांबड्या ढालीवर कोणी पिठाचा हात फिरवल्यासारखे दिसते. हा दोष मी स्वतःच्या आणि मित्रांच्या मिनिएचरवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की आता कोणी फोटो पाठवला तर आधी महिना कोणता आणि फवारणी कुठे केली, एवढेच विचारतो. पुढे दिलेल्या तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होऊन खर्चिक आणि जोखमीच्या गोष्टींकडे जातात. त्या याच क्रमाने कराव्यात, कारण घाईने केलेल्या दुरुस्तीने बिघडलेली मिनिएचर मी मूळ दोषाने बिघडलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

आधी लक्षणे नीट पाहा

पांढरेपणा सगळा एका जातीचा नसतो. मिनिएचर खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली, की निदानाचे निम्मे काम होते.

संपूर्ण आकृतीवर, उंच भागांवर आणि खाचांतही, सारखीच धुक्यासारखी झाक आली असेल आणि ती काळ्या, गडद निळ्या व तांबड्या रंगांवर जास्त उठून दिसत असेल, तर कारण बहुतेक वेळा हवेतला ओलावा असतो. पांढरेपणा फक्त खाचांत, झग्याच्या चुण्यांत आणि पट्ट्यांच्या कडेला भस्मासारखा साचला असेल, तर वार्निश जाड बसले आहे किंवा डबा नीट हलवलेला नाही. बोट फिरवल्यावर पॉलिशपेपरसारखे खरखरीत लागत असेल आणि तेही एकाच बाजूला, तर फवारा वाटेतच सुकून भुकटीच्या रूपात येऊन बसला आहे. हा प्रकार आमच्या ठाण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांतल्या विदर्भात जास्त शोभतो.

दोन लक्षणे अशी आहेत, की त्यांत वार्निशचा दोषच नसतो. हात आणि खांदा, तलवार आणि मूठ अशा सांध्यांभोवतीच पांढरे कडे दिसत असेल, तर तो इन्स्टंट ग्लूच्या वाफेचा थर आहे. गोंद जास्त लावला आणि आकृती बंद डबीत ठेवली, की ही वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते. आणि फक्त बेसवर, म्हणजे आकृती ज्या चकतीवर उभी असते तिच्यावर, वाळू आणि कृत्रिम गवताच्या मुळाशी, दुधाळ डाग असतील तर तो लाकूडकामाचा पांढरा गोंद आहे. तो पुरता सुकलेला नसताना वार्निशखाली कोंडला गेला आहे, किंवा सुकल्यानंतर पुन्हा ओलावा पिऊन दुधाळ झाला आहे. टेकड्या, खंदक, पडक्या भिंती असे टेरेन करणाऱ्यांना हा शेवटचा प्रकार फार भेटतो, कारण तिथे गोंद चमच्याने ओतलेला असतो.

हे घडते तरी कशाने

मॅट वार्निशला मॅटपणा येतो तो त्यात घातलेल्या अतिशय बारीक पावडरीमुळे, जी बहुधा सिलिकाची असते. ती सुकलेल्या थरावर सूक्ष्म चढउतार निर्माण करते, त्यामुळे उजेड एका दिशेने परतण्याऐवजी सगळीकडे विखुरतो आणि चकाकी मरते. म्हणजे उजेड विखुरणे हेच या वार्निशचे काम आहे. ते प्रमाणाबाहेर झाले, की त्यालाच आपण पांढरे पडणे म्हणतो.

आता ओलाव्याकडे पाहू. स्प्रे कॅनमधून बाहेर पडणारा वायू आणि द्रावक झपाट्याने उडून जातात आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातात. डबा हातात गार लागतो तो याचमुळे. हवा ३० अंश सेल्सिअस असून सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर दव धरण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १८ अंशांपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे बारा-एक अंशांची सवड असते. तीच आर्द्रता ८५ टक्के झाली, की दवबिंदू सुमारे २७ अंशांवर येतो आणि सवड फक्त तीन अंशांची उरते. तेवढा गारवा साधा फवाराही निर्माण करतो. ओल्या वार्निशवर दवाचे कण बसतात, वार्निश त्यांच्याभोवती सुकते, पुढे पाणी उडून जाते आणि मागे सूक्ष्म खळगे उरतात.

हे मला कोणत्याही मिनिएचरच्या पुस्तकाने शिकवले नाही. माझी पहिली बारा प्यादी, २८ मिलिमीटरची, जुलैमध्ये पांढरी पडली तेव्हा मी डब्याला दोष दिला, दुसऱ्या दुकानातून दुसरा डबा आणला आणि आणखी पाच पांढरी केली. त्याच आठवड्यात शेजारच्या घरी कपाटांचे पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रींना मी सहज ते प्यादे दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतंच. आम्ही ऊन पडेपर्यंत थांबतो, नाहीतर रिटार्डर घालतो.” रिटार्डर म्हणजे थिनर सावकाश उडावे म्हणून त्यात मिसळायचे द्रावक. आपल्या छंदातला जो दोष मला परदेशी गूढ वाटत होता, तो लाकडाच्या पॉलिशच्या धंद्यात जुनाच होता. वॉरहॅमर हा मिनिएचरनी खेळायचा युद्धखेळ १९८३ साली इंग्लंडमध्ये आला आणि या छंदाची बरीचशी रीत तिथल्या हवेत घडली, त्यामुळे तिकडचे सल्ले थंडीत फवारू नका एवढ्यावर जास्त भर देतात. कोकणपट्टीतल्या जुलैचा विचार आपला आपणच करायला हवा.

पहिली तपासणी: काही न करता थांबा

पांढरे पडलेले मिनिएचर पंख्याच्या किंवा एसीच्या कोरड्या खोलीत झाकण नसलेल्या खोक्यात २४ तास ठेवून द्या. हलकी झाक कधीकधी या वेळात आपोआप उतरते, कारण अडकलेले पाणी आणि द्रावक अजून बाहेर पडत असतात. बेसवरचा दुधाळ गोंद तर बहुतेक वेळा नुसत्या थांबण्याने पुन्हा पारदर्शक होतो, मात्र जाड थराला पावसाळ्यात तीन-चार दिवस लागू शकतात. थांबण्याला खर्च नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. उलट ओल्या थरावर दुसरा थर चढवला, तर आतला ओलावा कायमचा कोंडला जातो.

दुसरी तपासणी: पाण्याचा थेंब

स्वच्छ ब्रशने पांढऱ्या भागावर साधे पाणी लावा आणि पाहा. पांढरेपणा ओले असेपर्यंत नाहीसा होऊन सुकल्यावर परत आला, तर दोष पृष्ठभागावरच्या खळग्यांत आहे आणि मिनिएचर वाचणार, असे समजा. पाणी त्या खळग्यांत भरते, हवा बाहेर पडते आणि उजेड विखुरणे थांबते. घासलेली दुधी काच ओली केल्यावर पलीकडचे दिसू लागते, त्यातलाच हा प्रकार आहे. मात्र ओले केल्यावरही पांढरे तसेच राहिले, तर दोष थराच्या आत किंवा खाली आहे, आणि पुढच्या उपायांना मर्यादा येतील. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया ही चाचणी आहे, म्हणून ती वगळू नका.

सांध्याजवळच्या ग्लूच्या पांढऱ्या कड्यावर पाण्याने जरा बरे दिसले तरी फसू नका. तो भाग पातळ रंगाने पुन्हा रंगवणे हाच त्यावर सरळ उपाय आहे.

तिसरी तपासणी: डबा आणि चमचा

सिलिकाची पावडर तळाला बसते. डबा पाच-सात वेळाच हलवून फवारला तर कधी नुसते चकचकीत वार्निश येते, तर कधी पावडरीचा गाळ येतो. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून घड्याळ लावून दोन मिनिटे हलवा. ही दोन मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात. थंडीत डबा कोमट पाण्यात पाच मिनिटे धरला तर चालतो, पण गरम पाणी, शेगडी आणि भर ऊन वर्ज्य समजा, कारण ५० अंशांवर डबा तापवू नये ही त्यावरची सूचना शोभेसाठी छापलेली नसते.

मग मिनिएचरवर नव्हे, तर काळ्या रंगाने रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर फवारा. चमच्याच्या पाठीवर हलकी झाकही लगेच दिसते आणि खोलगट बाजूला वार्निश साचते का हेही कळते. जेव्हा जेव्हा फवारणार, तेव्हा आधी चमचा. चमचाही पांढरा पडला तर रंगात दोष नाही, हवेत किंवा डब्यात आहे. तोच डबा आठवड्याने कोरड्या दिवशी स्वच्छ निघाला, तर डबाही निर्दोष ठरतो. मी ज्या डब्याला शिव्या दिल्या होत्या, तो डिसेंबरमध्ये अगदी सरळ चालला.

चौथी तपासणी: हवा, आणि एसीचा सापळा

काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि तो जिथे फवारता तिथेच ठेवा; फोनवरचे शहराचे हवामान तुमच्या बाल्कनीला लागू असेलच असे नाही. माझा नियम असा आहे, की ६५ टक्क्यांखाली निर्धास्त फवारावे, ६५ ते ७५ मध्ये चमच्याने कौल दिला तरच फवारावे आणि त्यावर डबा हातात घेऊ नये. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास सहज असते, म्हणजे या नियमाने पावसाळाभर डबा कपाटात राहतो. त्याला इलाज नाही.

पण बहुतेकांचा घात याहून साध्या गोष्टीने होतो. मिनिएचर रंगवली जातात एसीच्या खोलीत आणि वासाच्या धास्तीने फवारली जातात बाल्कनीत. खोली २४ अंशांवर असते, म्हणून प्लॅस्टिकही २४ अंशांवर असते आणि धातूच्या आकृती तर हा गारवा बराच वेळ धरून ठेवतात. बाहेरचा दवबिंदू २७ असेल, तर दार उघडून ट्रे बाहेर नेताक्षणीच, फवारा मारण्याच्या आधीच, त्यावर दव धरलेले असते. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ येते, ती आपल्याला दिसते. बोटाच्या पेराएवढ्या कातळावर उभ्या असलेल्या इवल्या सैनिकावर आलेली तीच वाफ दिसत नाही. म्हणून ट्रे आणि डबा दोन्ही किमान पाऊण तास बाहेरच्या हवेत ठेवून मगच फवारावे. धातूच्या आकृतींना तास-दीड तास द्यावा. फवारण्याआधी हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून फिरवून आकृती किंचित उबदार केली, तर पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतो. बोटाला कोमट लागले की पुरे; प्लॅस्टिकचे भाले आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या तलवारी त्याहून जास्त उष्णतेत वाकतात.

यावरून कोणी म्हणेल, की मग एसीच्या खोलीतच फवारावे. तसे करू नका. कॅनमधला वायू ज्वालाग्राही असतो आणि बहुधा हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. शेजारी गॅसची शेगडी किंवा देवापुढची समई असली तर परिणाम सांगायला नकोत. शिवाय एसी तीच हवा फिरवत राहतो. साधा एन-९५ मुखवटा वार्निशचे कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी सेंद्रिय वाफांचे काडतूस असलेला मुखवटा लागतो.

पाचवी तपासणी: अंतर, थर आणि रंगाचा सुकवा

या तिन्ही गोष्टी थोडक्यात. अंतर २० ते ३० सेंटिमीटर ठेवावे. त्याहून लांबून मारले तर फवारा हवेतच सुकतो, जवळून मारले तर खाचांत डबके होते. फवारा आकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि दोन पातळ थरांत किमान पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. अॅक्रिलिक रंग दहा मिनिटांत स्पर्शाला कोरडा लागला तरी खाचांत साचलेला वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पातळ रंग, आतून ओला असतो, म्हणून शेवटच्या रंगानंतर एक अख्खा दिवस आणि पावसाळ्यात दोन दिवस मी वार्निशला हात लावत नाही.

आता दुरुस्ती

पाण्याच्या चाचणीत पांढरेपणा नाहीसा झाला असेल, तर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पाण्यावर आधारित चकचकीत वार्निशचा एक पातळ थर ब्रशने लावणे. पाणी जे तात्पुरते करत होते, तेच हे वार्निश कायमचे करते. ते खळगे भरते आणि रंग खालून वर येतात. हे होताना पाहणे हा या छंदातला एक छोटा चमत्कारच आहे. राखाडी झग्यावरून ब्रश फिरतो आणि मागे काळा झगा उरतो. मिनिएचर त्या वेळी बरणीतल्या लोणच्यासारखी चमकते, त्याने घाबरू नका. २४ तासांनी त्यावर मॅट वार्निश लावा, तेही बाटलीतले आणि ब्रशनेच. बाटली हलवण्याचा नियम इथेही तोच, आणि वार्निश खाचांत साचले तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्यावे. आधी एकाच प्याद्यावर करून पाहा, पलटणीवर नंतर.

दुसरा उपाय म्हणजे कोरड्या दिवशी त्याच डब्याने पुन्हा एक पातळ फवारा. द्रावकावर आधारित वार्निशमध्ये नव्या थराचे द्रावक जुना थर किंचित मऊ करते आणि तो नव्याने सपाट बसतो. हा उपाय माझ्याकडे कधी लागू पडला, कधी नाही. खरखरीत भुकटीवर तर मुळीच नाही. तिथे मऊ टूथब्रशने सुटी भुकटी झाडून मग ब्रशने चकचकीत वार्निश लावावे लागते.

ऑलिव्ह तेल किंवा बेबी ऑइल चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेलाने पांढरेपणा झाकला जातो हे खरे आहे, कारण तेही खळगे भरते. पण ते सुकत नाही, धूळ धरते आणि त्यावर पुढे ना रंग बसतो ना वार्निश. मी तो सल्ला देत नाही. लॅकर थिनर पुसून पाहण्याचा विचारही करू नये, कारण वार्निशबरोबर रंग आणि प्लॅस्टिकही विरघळते.

पाण्याच्या चाचणीत पांढरे तसेच राहिले असेल, तर गडद भागांवर पातळ रंगाची झिलई देऊन वरचे उजाळे पुन्हा काढावे लागतात. वार्निशचा थर मध्ये असल्यामुळे खालचे काम सुरक्षित असते, एवढाच त्यातला दिलासा. आणि तेही जमले नाही, तर रंग पूर्ण उतरवणे उरते. प्लॅस्टिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण तासाभराने तपासत राहावे. रेझिन त्यात रात्रभर ठेवू नये, ते ठिसूळ होते. ब्रिटनमधले छंदी तपकिरी डेटॉलमध्ये रंग उतरवतात आणि तो उतरतोही उत्तम, मात्र रंग घासून निघेपर्यंत पाणी लावायचे नाही, नाहीतर सगळ्याचा डांबरासारखा चिकटा होतो. अॅसिटोन फक्त धातूसाठी आहे. प्लॅस्टिकचा सैनिक त्यात विरघळून जातो.

कुठे थांबायचे

एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या फवाऱ्याच्या पेनने, वार्निश मारणाऱ्यांच्या फवाऱ्यात पाण्याचे थेंब येत असतील, तर कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाची कळ उघडून साचलेले पाणी काढणे आणि नळीतला जलसापळा रिकामा करणे, एवढे घरी करावे. दाब ठरल्या जागी न थांबता चढत राहिला, सुरक्षा झडपेतून सतत हवा सुटली किंवा टाकीला गंज दिसला, तर प्लग काढावा आणि कॉम्प्रेसर मेकॅनिककडे न्यावा. दाबाची टाकी घरी उघडण्याची वस्तू नव्हे. फवारणीच्या खोक्याला एक्झॉस्ट फॅन बसवायचा असेल तर द्रावकाच्या वाफेत ठिणगी न उडवणारी मोटर आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

गळणारा किंवा नळी अडकलेला डबा भोसकू नये. तो उघड्यावर, आगीपासून दूर ठेवावा. फवारणीनंतर डोके जड झाले तर काम बंद करून मोकळ्या हवेत जावे, आणि दम लागला किंवा छातीत घरघर सुरू झाली तर डॉक्टरांकडे जावे, उद्यावर ढकलू नये.

मिनिएचर दुसऱ्याने रंगवलेले असेल, पैसे मोजून करून घेतलेले असेल, किंवा वडिलांच्या-आजोबांच्या काळातला धातूचा सैनिक असेल, तर मी पाण्याच्या थेंबापुढे जात नाही. मोबदल्यावर रंगवणाऱ्या कलाकाराला कोणते वार्निश वापरले हे विचारून त्याच्याचकडे दुरुस्तीला द्यावे, कारण खालचे थर त्यालाच माहीत असतात. जुन्या सैनिकांच्या धातूत शिसे असण्याची दाट शक्यता असते. ते घासू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. त्यांच्यावरचा मूळ रंग टिकवायचा असेल तर कलासंवर्धकाला दाखवावे, आणि तोपर्यंत ते पांढरट अवस्थेतच कोरड्या कपाटात ठेवावेत.